पाय घसरला, असं तू सांगायचीस

आई, गेले काही महिने मी तुला पळायला लावते आहे. म्हणजे आधी कागदावर आणि मग संगणकावर. पुण्यात खो-खो खेळलेल्या जुन्या बायकांवर एक माहितीपट होतो आहे आणि त्यात तुझा संघ आहे. तुमच्या सामन्यांचं चित्रण कुणी केलंच नव्हतं. फोटो सापडला तोही बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांचा, संघ त्यांच्या मागे झाकलेला. म्हणून तुमचा खेळ ॲनिमेशनने दाखवायचं ठरलं आणि ते काम आमच्या कर्वेनगरच्या स्टुडिओकडे आलं. हा संघ माझ्या आईचा, हे मी आधी कुणाला सांगितलं नाही. कौतुक सुरू झालं असतं तर माझा हात चालला नसता.

अडचण एवढीच, की तुला पळताना मी कधी पाहिलेलंच नाही. मला आठवतेस ती शनिवार पेठेतल्या घरात ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटणारी. मी फरशीवर खडूने खो-खोचा डाव काढलाय. तू लाटणं न थांबवता खाली बघतेस. "या बायका पळतायत की बसची वाट बघतायत?" मी चिडते. एवढं कळत होतं तर शेवटचा सामना हरलात कशा? "पाय घसरला. पोळी गार होतेय, जेव." विषय संपला. त्या सामन्यानंतर तू मैदानावर गेली नाहीस. का, ते मी मोठेपणीही, अगदी तू जाईपर्यंत विचारलं, पण दर वेळी तुझा तोच पाय घसरला.

म्हणून चित्रात मीही तुला घसरवलं. ओढणी कमरेला बांधून तू बसलेल्या मुलींमधून नागमोडी पळतेस, खांबापाशी टाच सुटते आणि मागचीचा हात तुझ्या पाठीवर पडतो. तुझ्याबरोबर खेळलेल्या एक मावशी ते बघायला विश्रांतवाडीहून आल्या. आधी "अगं, अशीच, अगदी अशीच!" म्हणत डोळे पुसत होत्या. शेवट आला तशा माझ्याकडे वळल्या.

"घसरली? कोण म्हणालं?"

"आईच."

"ती म्हणणारच. तिचा पाय कसला घसरतोय! अगं, तू तान्ही होतीस. घरात तुला सांभाळायला कुणी तयार नव्हतं, म्हणून कडेला शेजारणीच्या मांडीवर ठेवली होती. वरच्या संघासाठी निवड करणारे आले होते त्या दिवशी, हिचं नाव नक्की होतं. तू टाहो फोडलास आणि हिनं पळता पळता मान वळवली. तेवढ्यात बाद." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "तुला माहीत नव्हतं होय?"

आई, मला तुझा फार राग आला. भर सामन्यात आमची आई घसरून पडली, हे मी पाहुण्यांना हसत हसत सांगायचे आणि तूही त्यांच्याबरोबर हसायचीस. कसं हसायचीस गं? माहितीपटाच्या दिग्दर्शकाला सांगितलं तर तो म्हणाला, मॅडम, जे घडलं तेच दाखवू. त्याचं बरोबरच आहे. तुझ्या शब्दाखातर घसरणं ठेवलं असतं तर तुझा खेळ कच्चा होता असंच लोकांना वाटलं असतं, आणि तुझ्या खेळाचं दुसरं चित्र जगात कुठेच नाही. मी घसरणं पुसलं. आता तू मान वळवतेस आणि बाद होतेस.

कडेला शेजारणीच्या मांडीवर मीही आहे. मला रडताना काढायचं होतं. तोंड उघडं काढलं, पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. शेवटी मिटलेलंच ठेवलं, आणि रडण्याचा आवाजही घालू नका म्हणून सांगून टाकलं. म्हणजे पडद्यावर तू काही कारण नसताना, नुसती मला बघायला वळतेस. मावशींना हे सांगितलेलं नाही. हे पत्र कुठे जायचं नाही म्हणून तुला सांगते, माझ्याच्याने मला रडवणं झालं नाही.