आईने लावलेला सेंट

९ फेब्रु., सोमवार
शाळा सुटल्यावर वसमतला शबानाच्या दुकानात. कॉलेजपासूनची मैत्रीण, बांगड्यांच्या पेट्यांमागून तिने सेंटची बाटली काढली. फिकट हिरवी. लिंबू आणि ग्रीन टी, खास बायकांसाठी. "लोक चहा सोडून त्याचा वास लावून राहिले. घे मास्तरीणबाई, बसमधी कुणी तरी जागा देईल." घेतली. बसमध्ये आमचं कुरुंदा येईपर्यंत मनगट हुंगत होते. नुकत्याच सोललेल्या सालीचा वास, मागून किंचित कडवट.

१४ फेब्रु.
आईने स्वतःहून सेंट मागितला, हळद वेचायला निघताना.
"रानात कोण हुंगणार?"
"काहून, मला हौस न्हाई का?"
इतका आनंद झाला की बस चुकली. आईने स्वतःसाठी काही मागितल्याचं आठवत नाही. बाईला स्वतःच्या शरीराचं कौतुक वाटलं पाहिजे. मुलींना वर्गात हे सांगायचं.

२० फेब्रु.
बाटली अर्धी. आई पदराच्या आत मारते. मनगटाला, कानामागे लावायचं असतं, दाखवलं. "मला असंच बरं वाटतं." जेवताना बाबा म्हणाले, "घरात लिंबाची बाग लावली का काय?" मी हसले. आई नाही.

२५ फेब्रु.
नळावर शेजारच्या सुमनकाकू. आईसोबत हळदीला जातात. "तुझी आई आताशा येगळीच बसती. सेंटाखाली कसला तरी वास येतो, बाई. काही तरी कुजल्यावानी. राग नको धरू." धरला. एका बाईने जरा नीटनेटकं राहिलं की बाकीच्यांना बघवत नाही, असं तोंडावर बोलले. बरं केलं.

१ मार्च, रविवार
न्हाणीत साबण द्यायला गेले. आईने पाठ फिरवली, पण उशिरा. डाव्या छातीवर हळद थापलेली, वर जुन्या लुगड्याची चिंधी. चिंधी निसटली. आधी लिंबाचा वास आला. मग दुसरा. मुठीएवढी जखम, आणि कडा…
"कुणाला सांगू नको, माय. पुरुष डॉक्टरापुढं मी उघडी व्हनार न्हाई."
मी बी.एस्सी. पेशींची आकृती काढून मार्क मिळवलेली.

२ मार्च
काकूंकडे गेले. माफी मागितली, सगळं सांगितलं. त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाल्या, "आमी बाया नाक धरून बसलो अन् विचारलं न्हाई. चल, दोघी मिळून नेऊ तिला. माझं ऐकंल ती." शाळेत रजेचा अर्ज.

५ मार्च
नांदेड. बाई डॉक्टर मिळाल्या. आईने काकूंचा हात धरून चिंधी सोडली. कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं. आई त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.
"हिची दुसऱ्या वर्षाची परीक्षा व्हती तवापसून. वाटाण्याएवढी गाठ व्हती. म्हनलं, पोरीचं कालेज होऊन जाऊ द्यावं."
"म्हणजे किती महिने?"
आईला सांगता येईना. मी सांगितलं. बावीस.

८ मार्च
गाठीचा तुकडा तपासायला गेलाय. शनिवारी बोलावलंय. बाबांना काल सांगितलं. तेव्हापासून ते ओट्यावर बसून आहेत. सकाळी मी जखम धुतली, नवी पट्टी बांधली. तेव्हा आई म्हणाली, "लई दूर गेलं का गं? तू शिकलेली, तुला कळत असंल."
मी म्हटलं, रिपोर्ट येऊ दे.
पट्टी बांधून होईपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत होती.