मामाची कामगिरी

३ जून

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

तुझे मेहुणे खोकत खोकत सिगारेट सोडल्याचं सांगतात, बाकी ठीक. तुमच्या पंखा कंपनीचा अहवाल आला. माझेही चार शेअर आहेत ना! खप घटला, नफा निम्म्यावर आला आणि तुझा पगार मात्र दीडपट. जन्मभर गणित शिकवलं, पण हे काही सुटेना. त्यात गेल्या महिन्यात तुझ्या भाच्याला तुम्ही कामावरून काढलंत. तो नुसता छताकडे बघत पडून असतो. जरा समजावून सांग.

तुझी ताई

१२ जून

ती. ताईस शि. सा. न.

अगं, माझा पगार संचालकांची समिती ठरवते. बाकीच्या कंपन्या आमच्याहून जास्त बुडाल्या. आम्ही कमी बुडालो, ही माझी कामगिरी. शिवाय खर्च कमी केल्याचा बोनस. त्यातच पंख्यातली तार गुंडाळणारा अख्खा वाइंडिंग विभाग गेला. एकट्या भाच्याला ठेवलं असतं तर लोकांनी माझ्या तोंडात शेण घातलं असतं.

मेहुण्यांना नमस्कार. राग आवर.

तुझा बाळू

२० जून

चि. बाळूस आशीर्वाद.

म्हणजे भाच्याला घरी बसवल्याचं मामाला बक्षीस! ती वाढ नाकार, नाहीतर भागधारकांच्या सभेत मी उभी राहीन. वर्गात मागच्या बाकापर्यंत आवाज जायचा माझा, आठवतंय ना?

ताई

४ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न.

नाकारली गं. अध्यक्षांनी बाजूला घेऊन माझ्या तब्येतीची चौकशी केली. प्रमुखच पगार नको म्हणाला तर कंपनी बुडाली अशी बोंब होईल, म्हणाले. मग बाहेरचे सल्लागार आणले. त्यांच्या मते मला बाजारभावापेक्षा कमीच मिळतं. पगार आणखी वाढला. खूप लाज वाटली, ताई. दोनेक दिवसांनी वाटेनाशी झाली, त्याचीच आता भीती वाटते. भाच्यासाठी काही पाठवू का?

बाळू

९ सप्टेंबर

चि. बाळूस आशीर्वाद.

काही नको. त्याने बाजारात दुरुस्तीचं दुकान टाकलंय. खर्च वाचवायला तुम्ही पंख्यातली तार बारीक केलीत म्हणे. नवे पंखे धडाधड जळताहेत. हा त्यांची तार पुन्हा गुंडाळून देतो. काम इतकं, की तुम्ही काढलेले त्याचे दोन सोबतीही हाताशी घेतलेत. काल जेवताना म्हणाला, मामाला पगार कितीही द्या, पण तिथून हलवू नका. चेष्टा असेल म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं. तो न हसता भात कालवत होता.

जमेल तेव्हा येऊन जा. या घरातली माया कामगिरी बघून ठरत नाही, तेव्हा तुला धास्ती नको.

तुझी ताई