ओढ्याचा वेग

२ खुर्दाद १३५२ फसली (निजामी सन; इंग्रजी एप्रिल १९४३), येरमाळ्याजवळचा डोंगर
रोजनिशी मराठीत लिहायचं ठरवलं. साहेबांना मराठी वाचता येत नाही. काम सोपं आहे: जंगलातल्या रिसर्च प्लॉटमधल्या डोंगरी ओढ्याचे गुणधर्म कळवायचे. रिपोर्ट चांगला गेला की नोकरी परमनंट. मग सासरे दादामियाँ जमिलाला नळदुर्गहून पाठवतील. टेंपररी जावयाकडं मुलगी नांदायला पाठवत नाही म्हणतात.

३ खुर्दाद
ओढा पाहिला. पाणी नाही. चैत्राचं ऊन आहे, ओढा विश्रांती घेत असणार.

५ खुर्दाद
सायन्सची युक्ती सुचली. पात्रातल्या मुठीएवढ्या दगडांना चुना फासला. पाणी आलं की ते किती लांब जातात त्यावरून वेग काढायचा. जमिलासाठी पलंग कुठं ठेवायचा तेही ठरवलं.

१३ खुर्दाद
गार्ड महारुद्रनं येडेश्वरीच्या जत्रेसाठी रजा मागितली. दिली. मीही नळदुर्गला निघतो. ओढा काही पळून जात नाही.

१८ खुर्दाद
परतलो. दादामियाँनी चहा पाजला, जमिलाला समोर येऊ दिलं नाही. पडद्याआड बांगड्या वाजल्या. इथं येऊन पाहतो तर चुन्याचे सगळे दगड गायब. म्हणजे मागं पूर येऊन गेला. पात्र कोरडं आहे, पण एवढ्या वेगाचं पाणी थांबेल कशाला?

१९ खुर्दाद
रिपोर्ट रवाना. दगड डोक्याएवढे लिहिले. मुठीएवढे शोभत नव्हते.

२४ खुर्दाद
महारुद्र बायकोला घेऊन आला. गजराबाई लई खूश. जत्रेत पांढरा खडा वेचून देवीच्या पालखीपुढं टाकायचा असतो, औंदा रानात हुडकायची पाळीच आली न्हाय, ओढ्यातच पांढरेशुभ्र खडे घावले, जत्रेला निघालेल्या समद्या गाड्यांनी नेले, म्हणाली. आई पावली म्हणे.
रिपोर्ट परत मागवावा का? नको. पावसाळ्यात ओढ्यानं ते नेलेच असते. मी जरा आधी लिहिलं, इतकंच.

१० तीर (खुर्दादनंतरचा महिना)
हुकूम आला. साहेबांना रिपोर्ट फार पसंत पडला. इतक्या भयंकर ओढ्याकाठी प्लॉट ठेवणं धोक्याचं, सबब प्लॉट बंद, टेंपररी माणसं कमी.
ओढ्यात पाणीच नाही असं कळवावं, तर रिपोर्ट खोटा ठरतो. कसंही केलं तरी जमिला येत नाही. फार वाईट वाटतं.
दुपारी सामान डोक्यावर घेऊन ओढा ओलांडला. चपला काढाव्या लागल्या नाहीत.