रिकाम्या खुर्चीचा ठोका

झिरिकझे,
१२ नोव्हेंबर १९६१

चि. यान्ने हिस नेलताईचे भरभरून आशीर्वाद, वि. वि.

तुझी शाल पोचली. रंग पाद्रीबुवांना शोभेल असा, पण ऊब छान आहे.

झटका आल्यापासून गेलेली तुझ्या मारिनसभावजींची वाचा अजून परतली नाही. नाताळपर्यंत तोंडून शब्द निघाला नाही, तर आश्रमात ठेवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मी धडधाकट असताना हे आश्रमात? मला नाही सोसायचं. म्हणून शाळेत हे पोरांना शिकवायचे, तेच मी ह्यांच्यावर चालवलंय. शब्द फोडून टेबलावर वाजवायचा. वा-तर-मो-लन, म्हणजे आपली पाणचक्की. 'वा'वर मूठ जोरात, 'मो'वर बेताची, बाकीच्यांना नुसतं बोट. पहिला अर्धा मी, उरलेला ह्यांनी.

काल मी 'वा-तर' वाजवून थांबले. ह्यांचे हात मांडीवर पडलेले. आणि 'मो' वाजला, चांगला दणकून. पुरात गेलेली आमची पोर लेना अश्शीच वाजवायची. जोर पहिल्यालाच द्यायचा गं, म्हणत हे हसून तिची मूठ धरायचे. तिच्या रिकाम्या खुर्चीपुढचं टेबल थरथरत होतं. मी फार भ्याले, यान्ने.

मुलांना पापे. आठवण ठेव.
नेलताई

डेव्हेंटर,
१७ नोव्हेंबर

ती. नेलताईस यान्नेचा वाकून नमस्कार, वि. वि.

रंग आवडला नसेल तर शाल परत धाड, माझी सासू टपलेलीच आहे.

ताई, टेबलाचा पाय लुळा झाला असेल, नाहीतर तुझं डोकं. पण हा खेळ बंद कर. लेनाला शांत पडू दे. भावजींना आश्रमात ठेवलंस म्हणून कुणी नावं ठेवणार नाही. तू इकडे ये, वाटाण्याचं दाट सूप करून घालते.

रागावून माया पातळ करू नकोस.
यान्ने

झिरिकझे,
३ डिसेंबर

चि. यान्ने हिस आशीर्वाद, वि. वि.

बंदच करणार होते. काल डॉक्टर आले, त्यांच्यासमोर शेवटचं म्हणून 'वा-तर' वाजवलं. खुर्चीकडून 'मो' आला, तसाच दणकून. डॉक्टर बॅगेत वाकलेले, त्यांना वाटलं ह्यांनीच वाजवला. घाबरून मी पुढचं वाजवायला बोट उचललं, तर ह्यांनी माझा हात दाबून धरला आणि स्वच्छ म्हणाले, थांब, लेनाचं होऊ दे.

डॉक्टर खूश आहेत. आश्रम टळला. हे आता दिवसभर बोलतात, हसतात, जोर कुठे द्यायचा ते समजावतात. सगळं त्या खुर्चीशी. कॉफी पुढे केली तरी माझ्याकडे मान वळत नाही. मला मेलीला पोटच्या पोरीचा हेवा वाटतो.

तुझा लोभ आटू देऊ नकोस. माझ्याशी बोलणारी आता तूच उरलीस.

तुझी,
नेलताई