जंगूबाईची आंबील

वांकिडी, २६ ऑक्टोबर १९८८

सौ. सोजरबाईस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोहोचलो. चंपतरावांचं घर नीटनेटकं, त्यांच्या पत्नी मथुराबाई बोलायला गोड, आणि आपल्या मालनला पसंत पडलेला त्यांचा महिपत अगदी हिंगणघाटला दिसला तसाच, खाली मान घालून बोलणारा. पण मला इथं घरात थांबू देत नाहीत! परवा जीपने कुंतलाला नेलं. केवढा तो धबधबा, आणि भोवती सागाचं रान! पाण्याच्या आवाजात चंपतराव काय सांगतात तेही ऐकू येईना. काल निर्मलला नेलं. तिथले कारागीर हलक्या लाकडाचा आंबा असा रंगवतात की हात पुढे होतोच. तुझ्यासाठी एक घेतला आहे. पण पाहुण्याला रोज गावाबाहेर कोण नेतं? जन्मभर कापसाची प्रत ठरवली मी. वरून पांढरीशुभ्र गाठ दिसली की आधी आत हात घालतो, वजनासाठी पाणी मारलेलं असतं.

आणखी एक. महिपत रोज दिवस मावळायच्या आत झाकण लावलेला पितळी डबा घेऊन गोंडांच्या गुड्याकडे, म्हणजे त्यांच्या वस्तीकडे, जातो आणि रिकामा घेऊन येतो. मी विचारलं तर हसला. चंपतराव म्हणाले, या घरातला शेवटचा शब्द त्यांचा नाही, तो कोणाचा ते गोंडांच्या दंडारी सणाच्या दिवशी दाखवतील. हे काय गौडबंगाल?

मालनला यातलं काही सांगू नकोस.

तुझा, अमृतराव


हिंगणघाट, ३० ऑक्टोबर १९८८

ती. स्व. यांच्या सेवेशी सोजरचा साष्टांग नमस्कार.

पत्र पावलं. तुम्ही वांगंसुद्धा दहादा हुंगून घेता, तेव्हा जावयाला सोडाल असं मला वाटलंच नव्हतं. तरी डब्याचं वाचून मलाही शंका आली. दुसरं बिऱ्हाड तर नाही ना त्या पोराचं? शेजारच्या रेणुकाबाई म्हणतात, सरहद्दीकडच्या लोकांचं एक पाऊल इकडे, एक तिकडे. त्यांचं काय, त्यांना आपल्या घरातलंही सगळं आधी कळतं.

मालन चोवीस संपवते आहे, आणि पहिल्यांदाच कोणाला हो म्हणाली आहे. म्हणून हात जोडून सांगते, नीट विचारा. विचारायचं मात्र त्यांनाच, पानठेल्यावर नाही. लाकडी आंबा जपून आणा.

तुमची, सोजर


वांकिडी, ३ नोव्हेंबर १९८८

सौ. सोजरबाईस आशीर्वाद.

गाठीत हात घातला. आत पाणीच निघालं.

आज दंडारी होती. गुड्यावर ढोल घुमत होते, मोरपिसांचे थोरले मुकुट घातलेले गुसाडी नाचत होते. अंगाला राख, हातात काठी, पायांत घुंगरं. आयुष्यात असं पाहिलं नव्हतं, कबूल करतो. घटकाभर मी कशाला आलो तेच विसरलो. तेवढ्यात चंपतरावांनी मला एका झोपडीपुढे नेलं. महिपतने एका म्हाताऱ्या गोंड बाईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तिला आई म्हणाला. मथुराबाई शेजारीच उभ्या, आणि हसत होत्या! मग तो डबा कोणासाठी, ते कळलं. पोरगा हिचा, आणि इतके दिवस आपल्याला दुसरीच आई दाखवली.

त्या बाईने मला ज्वारीच्या आंबिलीचा वाडगा दिला. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी नाच बघायचं निमित्त करून बाजूला सरकलो आणि कुडामागे पळसाच्या बुंध्याशी ओतून आलो.

चंपतरावांना काही विचारलं नाही. डोळ्यांनी पाहिल्यावर विचारायचं काय? उद्या पहाटेच्या बसने निघतो. पत्र आधी आलं तर सोयरीक मोडल्याचं मालनला तूच सांग, मला जमणार नाही.

अमृतराव


वांकिडी, ११ नोव्हेंबर १९८८

सौ. सोजरबाईंना मथुराबाईचा नमस्कार.

मला लिहायची सवय नाही, चुकलं माकलं सांभाळून घ्या. तुमचे मालक न सांगता गेले. चार दिवसांनी बाजारात कळलं की त्यायनं पानठेल्यावर, पटवाऱ्याकडं, साऱ्या गावात चौकशी केली. आमालाच काऊन नाही विचारलं, हेच मनाला लागलं.

महिपत माह्याच पोटचा. तो झाला तवा मी चाळीस दिवस तापात होती, अंगावर दूध नव्हतं. तुमच्या मालकायनं गुड्यावर पाह्यली ती म्हातारी जंगूबाई, तिचं लेकरू त्याच आठवड्यात गेलं होतं. तिनं आमचं पोर उचललं आणि छातीशी लावलं. पाच महिने तो तिच्याच झोपडीत वाढला. म्हणून आमच्या घरी रीत पडली, महिपतच्या सोयरिकीत शेवटचा शब्द तिचा. होणाऱ्या व्याह्यानं तिच्या हातची आंबील प्यायची, मग ती हो म्हणते. आमाला वाटलं तिला पाहून सारं उमजंल. आधी सांगायला पाहिजे होतं, ही चूक आमची.

तुमच्या मालकायले आंबील कुडामागं ओतताना मी पाह्यलं. तिनंबी पाह्यलं, वाढायला दुसरा वाडगा घेऊन ती मागंच उभी होती. घरी सगळ्यायनं तिला विचारलं, तर म्हणे पाव्हणे घटाघटा प्याले, पोरगी करा.

तिचा शब्द झाला. तुमचा काय तो कळवा. नाही म्हटलं तरी राग नाही.

मथुराबाई


हिंगणघाट, १७ नोव्हेंबर १९८८

सौ. मथुराबाई यांस अमृतरावाचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र सोजरने घरात मोठ्याने वाचलं. मी ऐकलं. लाज वाटली, ती लपवत नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांचा कापूस पारखला, आणि स्वतःच्या मनात काय भरलं आहे ते तपासायचं राहून गेलं. तुमचं घर खोटं निघालं असतं तर मला बरं वाटलं असतं, इथवर मी आलो होतो.

मालन रडली नाही, रागावलीही नाही. तिने एवढंच विचारलं, की ज्या बाईने तुमची अब्रू राखायला खोटं सांगितलं, तिला तुम्ही खरं कधी सांगणार.

म्हणून येत्या मंगळवारच्या बसने मालनला घेऊन येतो. कुंतला नको, निर्मल नको, जीप तर नकोच. बसथांब्यावरून आम्ही पायीच आधी गुड्यावर जाऊ. सोयरिकीचं बोलणं नंतर. ती आंबील मी प्यालो नव्हतो, हे तिच्या तोंडावर सांगायचं आहे.

पुन्हा वाडगा भरायचा की नाही, ते जंगूबाईच ठरवतील. मी दारात उभा राहीन.

आपला, अमृतराव