दातवणाची डबी

वॉटफर्ड,
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

माझ्या लाडक्या लीलावतीला, थोरल्या बहिणीकडून आशीर्वाद आणि एक करकचून गालगुच्चा.

आम्ही सगळे बरे आहोत. तुम्हीही बरेच असणार, नाहीतर तुझा फोन आला असता. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून हे पत्र. मी सांगते आहे आणि सूनबाई देवयानी लिहिते आहे. रघुवीररावांना म्हणावं, बायकोला मोठ्याने वाचून दाखवा, आणि मधलं काही गाळू नका.

इथे आता चार वाजताच काळोख पडतो. मेथी मिळते, पण तिला वास नाही. तू रघुवीररावांच्या भाच्याच्या बॅगेतून पाठवलेलं पुडकं पोचलं. त्याचं नंतर सांगते.

सफरचंद खाताना माझा पुढचा दात हलला. तोंडाला वास येतो असं कोणी म्हणालं नाही, पण संजय माझ्याशी बोलायला बसला की आधी खिडकी उघडायचा. देवयानीने दातांच्या दवाखान्यात फोन केला. ती सारखी 'गम, गम' म्हणत होती. इथल्या दुकानात डिंकाला गम म्हणतात, तेव्हा मला वाटलं की माझ्या लाडवांवरच आळ आला. आठवडाभर डब्याला शिवले नाही. मग कळलं की हिरडीलाही गमच म्हणतात. एवढं राज्य केलं यांनी, आणि हिरडीला वेगळा शब्द नाही!

दवाखान्यात लाल केसांची तरुण डॉक्टरीण होती. बारीक सळई दाताच्या मुळाशी घालायची आणि एकेक आकडा बोलायची. हिरडी दाताला सोडायला लागली की मध्ये खिसा होतो म्हणे, आणि आकडा जितका मोठा तितका खिसा खोल. जन्मभर ब्लाउजला एक खिसा शिवून मिळाला नाही, तोंडात मात्र ओळीने निघाले.

प्रश्न बाईंचे, मराठी संजयचं.

"आई, दिवसातून किती वेळा ब्रश करतेस?"

मी ताठ बसून म्हटलं, "चार वेळा."

"कशाने?"

"दातवणाने."

संजयने सांगितलं, टूथ पावडर. बाईंनी विचारलं, सिगारेट ओढतात का? तो म्हणाला, "नो, नो, नेव्हर." आता हे खोटं नाही गं. तू-मी कधी ओढली? रक्त येतं का? नाही. बाई कोड्यात पडल्या. चार वेळा घासते, ओढत नाही, रक्त नाही, मग आतलं हाड झिजलं कशाने?

संजयला घाई. तो बाईंशी काहीतरी बोलला आणि हाताने उपटून दाखवलं. मग मला म्हणाला, "आई, सगळे काढून टाकू. कवळी बसवली की कटकट संपली. वेदच्या लग्नात नातवाबरोबर फोटोही छान येतील."

"दात कोणाच्या तोंडात आहेत, संजय?"

"आई, इथे नको ना."

"मग कुठे? उपटायचे तर इथेच आहेत!"

मी कमरेची डबी काढली आणि त्यांच्या चकचकीत ट्रेमध्ये ठेवली. संजयचा चेहरा असा झाला, जसं मी पातळच सोडलं. "आई, प्लीज, आत ठेव ती." मित्र घरी आले की तो सांगतो, आईचं काहीतरी आयुर्वेदिक आहे. मी म्हटलं, "दातवण म्हणजे भाजलेली तंबाखू, हे सांग त्यांना. मिश्री म्हण. तुला लाज वाटत असेल तर मी सांगते." आणि सांगितलंच. "टोबॅको, बाई. फोर टाइम."

त्यांनी डबीचा वास घेतला. रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि संजयकडे न बघता मला विचारलं, तुम्हाला काय हवंय?

"माझे दात," मी म्हटलं. एवढं मात्र त्याने नीट सांगितलं.

तर ऐक. तंबाखू रक्त दाबून ठेवते. रक्त येत नाही म्हणून हिरडी धड, असं आपण समजायचो, आणि आतून दाताचा पाया जातच असतो. माझे दोन गेले, ते राहणार नव्हतेच. बाकीचे टिकतील, पण डबी सुटली तर. मला सुई देऊन मुळापर्यंतची घाण खरवडली. साखर तपासायला पाठवलं. बाटली धुवायच्या ब्रशाची पिल्लं असावीत तसे बारीक ब्रश दिले, रोज दातांच्या फटींत फिरवायला.

डबी सोडली तेव्हा डोकं उठलं, देवयानीशी दोनदा भांडले (ती म्हणते, लिहू का? लिही). मग थुंकीत रक्त आलं. संजय म्हणाला, "बघ, आणखी बिघडलं." पण बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, तंबाखू गेली की लपलेलं दिसणारच, घाबरून ब्रश थांबवायचा नाही. नाही थांबवला. आता मी भाकरी दाताने तोडते आणि संजयसमोर जरा जास्तच आवाज करून चावते.

आता तुझं मिश्रीचं पुडकं. फेकलं, न उघडता. कचऱ्याच्या कुठल्या रंगाच्या डब्यात टाकायचं यावरच घरात तेवढा वाद झाला.

रागाव खुशाल. गेल्या फोनवर तू ऐटीत म्हणालीस, "अक्का, दाढ हलते, पण रक्ताचा टिपूस नाही. माझ्या हिरड्या तुझ्यापेक्षा चांगल्या." लीले, त्या एका वाक्यासाठी हे सगळं पत्र आहे. कराडला जा. दात दाखव, गालाची आतली बाजूही दाखव, आणि कितीदा घासता विचारलं तर डबी काढून समोर ठेव. अक्का विलायतेत जाऊन शहाणी झाली म्हणशील, तर म्हण. मार्चमध्ये येते आहे. खारे शेंगदाणे घेऊन समोरासमोर बसू. जिला चावता येणार नाही तिने दुसरीचा आवाज ऐकायचा.

माझ्या प्रत्येक पत्राखाली मिश्रीच्या बोटाचा काळा ठसा असायचा, तीच माझी सही. आज बोट दाबलं तर कागद कोरा! म्हणून देवघरातलं कुंकू घेतलं. लाल दिसलं म्हणून दचकू नकोस. ते रक्त नाही. रक्त थांबलंय.

तुझ्या डबीवर डोळा ठेवून असलेली,
तुझी अक्का