मेढेकोटाचं अंगण

हेझल क्रीक, केंटकी
मार्च १७९६

प्रिय केझाया,

तुझ्या लेकीच्या, मर्सीच्या कबरीसाठी तू दगड घडवून घेतला आहेस आणि रस्ते वाळले की तो गाडीत घालून व्हर्जिनियाहून निघणार आहेस, हे वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. शाळेत मुलं वाचताना चुकतात, तेही माझ्या ध्यानात येत नाही.

आपला मेढेकोट आता उरला नाही. टोळ्यांशी तह झाला, भीती सरली आणि लोकांनी तटाचा एकेक ओंडका उपटून नेला. कुणी डुकरांना कुंपण केलं, कुणी चुलीत घातला. गोळ्या रुतलेला वेशीचा खांब आमच्या शाळेची तुळई झाला आहे. मधलं अंगण विल्यम टुलीच्या वाट्याला आलं. तो तिथे मका पेरणार आहे.

त्या वेढ्याबद्दल आपण कधी बोललो नाही. मर्सी तापाने गेली, तेव्हा वेढा घातलेले शॉनी टोळीचे लोक टेकडीवरच्या झाडांतून आत पाहत होते. आतली माणसं कमी होताहेत हे त्यांना कळू नये, म्हणून लहानमोठ्या कुठल्याच कबरीवर खूण ठेवायची नाही, माती सपाट करून वर गुरं फिरवायची, असा कप्तानाचा हुकूम होता. त्या सकाळी गुरं बुजली. पाऊल टाकेनात. तेव्हा तूच तांबडीची दोरी धरून पुढे झालीस आणि मागून सगळा कळप गेला. मी बुरुजावरून पाहत होतो. तू मान वळवली नाहीस.

ओंडके गेल्यावर मी तिथे उभा राहिलो. कोपरे नाहीत, वेस नाही. कशावरून अंदाज बांधायचा? मर्सीला चादरीत गुंडाळणाऱ्या डॉर्कसबाईंना, टुलीच्या आईला, घेऊन गेलो. काठी टेकत त्या बराच वेळ फिरल्या. "इथं असंल. नाही, इथं तर माझी चूल होती." मग दमून म्हणाल्या, "मास्तर, इतकं काय तोलत बसलात? गवत हिरवं दिसंल तिथं बोट दाखवा. एवढ्या लांबून येतीय बाई, तिला रडायला जागा नको?" मला मोह झाला, केझाया. पण ती तुझ्यावरची दया ठरली असती की माझीच सुटका, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नदीपलीकडे शॉनींचीही माणसं अशीच खुणेवाचून पडली असतील. तिथेही आता मकाच आहे.

म्हणून तू निघण्याआधी पोचावं असं हे पत्र घोडेस्वाराबरोबर पाठवतो आहे. जागा मला ठाऊक नाही. कुणालाच नाही. टुलीला थांबायला सांगितलं, तर तो कुरकुरला, "पेरणी काय तुमच्या बहिणीची वाट बघणारे होय, मास्तर?" डॉर्कसबाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. नांगर परत गोठ्यात गेला. तू येईपर्यंत अंगण तसंच राहील. दगड आण किंवा आणू नकोस, पण ये. या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चाल. कुठल्यातरी पावलाखाली ती असेल. या वेळी तुझ्या हातात दोरी नसेल.

वाटेकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच
अ‍ॅब्नर